हिंदोळरावाचं सातवं वाक्य

प्रिय धाकट्या,

मेसेज पाठवणं सोपं होतं. पण मेसेजमध्येही मी भाषण करते, हे तूच मला पाटीवर लिहून दाखवलं होतंस, खाली दोन रेघा ओढून. म्हणून कागद घेतला. लायब्ररीच्या तळघरात, माझ्या टेबलाशी, दुपारच्या सुट्टीत लिहिते आहे. डबा बाजूला सारला आहे. मला आवाज खाली ठेवावा लागतो अशी ही एकच जागा, तेव्हा जे लिहायचं आहे ते जमलं तर इथंच जमेल. तू एक तारखेला येतो आहेस. त्याआधी हे तुझ्या हातात पडायला हवं, आणि तू ते एकट्यानं वाचायला हवं.

आधी घरचं सांगते. आई बरी आहे. गुडघे होते तसेच. तुझ्या खोलीच्या खिडकीची कडी तिनं बदलून घेतली. सुताराला पाच वेळा उघडझाप करून दाखवायला लावली आणि सहाव्यांदा म्हणाली, की आता ही तुमच्याच मुलाची खोली आहे असं समजून एकदा बघा. तो बिचारा निमूटपणे परत स्क्रू पिळायला बसला. खालचा चष्मेवाला तुझी चौकशी करत होता. घशाला लावायच्या त्या यंत्रावर बोलायला शिकतोय ना, मग पहिलं वाक्य काय बोलला, असं त्यानं विचारलं. मला माहीत नव्हतं. विचारून सांगते म्हटलं, आणि जिना चढताना लक्षात आलं की तुला जाऊन अकरा आठवडे झाले, रोज मी तुला माझ्या बातम्या कळवते, पण हे काही मी विचारलं नव्हतं.

तू मला भोंगा म्हणतोस ते उगीच नाही. सातवीत असताना शाळेतल्या बंद नळासाठी मी पहिलं भाषण ठोकलं, ते तुला आठवत असेल, कारण पहिलीतल्या रांगेत बसून तू ते तोंडपाठ केलं होतंस. संध्याकाळी घरी पलंगपोस खांद्यावर घेऊन तू तेच भाषण स्टुलावर चढून केलंस. माझं वर गेलेलं बोट, माझं "लक्षात ठेवा, लक्षात ठेवा", वाक्याच्या शेवटी घशात अडकणारा माझा श्वास, सगळं हुबेहूब. आई तेव्हा नुकतीच लाँड्रीतून आली होती. आठ तास उभ्यानं इस्त्री करून आलेली बाई भिंतीला टेकून हसत होती, आणि मी तुला मारायला धावले होते. मग तू स्टुलावरून उतरलास, तिच्या हातातली पिशवी घेतलीस, खुर्ची पुढे ओढलीस आणि म्हणालास, "बस जरा. कुणी मागं लागलेलं नाही. मी आहे इथंच." सहा वर्षांचा होतास. कुठून शिकलास कोण जाणे. पुढे लाँड्री सुटेपर्यंत रोज संध्याकाळी तू तिला हे म्हणत होतास. तुझा आवाज फुटला तेव्हाही, घोगरा झाला तेव्हाही.

मग आपापल्या वाटा झाल्या. मी कारखान्यांच्या फाटकांवर ओरडत राहिले आणि तू गादी लावलेल्या भिंतींच्या खोलीत, एका काचेपुढे उभा राहून पात्रांना आवाज देत राहिलास. बोलणारा फ्रिज झालास, खलनायकाचा तिसरा साथीदार झालास, कधी जाहिरातीतलं खोकणं झालास. मी तुझ्या कामाला नावं ठेवली, हे मला आठवतं. गेम म्हणजे मोठ्या माणसांनी बोटं झिजवायचा धंदा, असं मी एकदा चारचौघांत म्हणाले होते. तू त्यावर एवढंच म्हणालास, की ताई, तू एकदा हिंदोळरावाला भेट, मग बोल.

आणि भेटवलंस. तुझ्या खोलीत, त्या मोठ्या पडद्यापुढे मला बसवलंस. खेळणाऱ्याला एका उजाड मुलखातून घर शोधत जायचं असतं, आणि त्या सगळ्या प्रवासात सोबत म्हणून असतो हा हिंदोळराव, वाऱ्याचा आत्मा, तुझ्या आवाजातला. सात पदरी कोट, त्याचे सातही पदर सात दिशांना उडणारे. टोपीत एक लांब पीस, ते मात्र नेहमी वाऱ्याच्या उलट दिशेला. बोटाबोटात अंगठ्या. दारातून साधेपणानं आत यायचं त्याला ठाऊकच नाही, आधी आतला दिवा विझवणार, मग अंधारात स्वतःची ओळख करून देणार, आणि त्या ओळखीत स्वतःला निदान चार पदव्या. वाटेत कोंबडी आडवी आली तर तिलाही वाकून नमस्कार. मी पाच मिनिटं हसले. सहाव्या मिनिटाला त्यानं बोट वर केलं, म्हणाला "लक्षात ठेवा, लक्षात ठेवा", आणि वाक्याच्या शेवटी त्याचा श्वास घशात अडकला. मी उठून निघून गेले. तीन दिवस तुझ्याशी बोलले नाही. चौथ्या दिवशी संघटनेच्या सभेत मी बोट वर केलं आणि माझं मलाच हसू फुटलं. समोरच्यांना वाटलं, मी मालकांना हसते आहे. टाळ्या पडल्या. ही सगळी गंमत मी तुला कधी सांगितली नाही. आता सांगते आहे, उशिरा.

तुझ्या घशातली गाठ, ते ऑपरेशन, त्या दिवसांबद्दल मी लिहीत नाही. ते तुझं आहे. स्वरयंत्र काढायचं ठरलं त्याच्या आदल्या दिवशी तू आईशी दिवसभर गप्पा मारल्यास आणि मी पूर्ण वेळ डॉक्टरांशी हुज्जत घालत होते, एवढंच माझ्या वाट्याचं मला आठवतं.

पण तू इस्पितळात असताना घरी काय झालं, ते तुला अर्धंच माहीत आहे. आई तुझी खोली झाडायला गेली आणि धूळ पुसता पुसता तिनं तुझ्या गेमच्या कन्सोलचं बटण दाबलं. पडदा उजळला. कुणीतरी अर्धवट सोडलेला खेळ होता तो, नायक एका दोरांच्या पुलापाशी उभा. आणि बाजूला हिंदोळराव. आईला काही चालवता येत नव्हतं, म्हणून नायक नुसता उभा राहिला. तो नुसता उभा राहिला, म्हणून हिंदोळराव बोलायला लागला. खेळणारा काहीच करत नसेल तेव्हा सोबत्यानं म्हणायची सहा वाक्यं तुला लिहून दिली होती ना, तीच. "आम्ही उगीच वाहत नाही, कुणी बघत असलं तरच वाहतो." "हे पीस डावीकडून जास्त शोभतं की उजवीकडून? खरं सांगा, राग धरणार नाही. थोडासाच धरू." "पूल तुम्ही ओलांडताय, की पुलालाच इकडे बोलवू?" आई हातातलं फडकं तसंच धरून उभी राहिली. सहा वाक्यं झाली. मग बराच वेळ नुसती हवा. ती वळणार एवढ्यात सातवं आलं. ऐट नाही, पदव्या नाहीत, बोट वर नाही. "बस जरा. कुणी मागं लागलेलं नाही. मी आहे इथंच."

ती बसली. तुझ्या खुर्चीत.

हे वाक्य कागदावर नव्हतं, तू रेकॉर्डिंगच्या शेवटी वेळ उरला म्हणून आपल्या मनानं बोललास आणि रेकॉर्डिस्टनं हसून ठेवून दिलं, हे मला फार नंतर कळलं. आईला कुणी सांगावं लागलं नाही.

तू घरी आलास तेव्हा नायक तिथंच होता. आठ महिन्यांनी तू त्या यंत्रावर बोलायला शिकायला तिकडे गेलास तेव्हाही तिथंच. त्या पुलाच्या पलीकडे म्हणे डोंगर आहेत, बुडालेलं शहर आहे, सोनेरी मासे आहेत. आई गेली नाही. तू तिला बटणं शिकवायला बसलास, तर तिनं तुझा हात बाजूला केला आणि म्हणाली, तो बोलतोय आणि मी मध्येच उठून चालू लागू, बरं दिसेल का? तू खांदे गदागदा हलवत हसलास. बिनआवाजाचं तुझं ते पहिलं हसणं. मी दारातून बघत होते, आणि मला वाटलं, हे सगळं किती केविलवाणं आहे. इथं एक जिवंत मुलगा बसला आहे आणि आई पडद्याकडे बघते आहे. मला तेव्हा हे कळलं नाही, की तुम्ही दोघं मिळून ऐकत होतात.

मग तो प्रकार झाला. तुझ्या एका सहकाऱ्यानं तुला फोनवर तुकडा पाठवला. कंपनीनं गेमचा नवा भाग काढला होता आणि त्यात हिंदोळराव तुझ्याच आवाजात अशी वाक्यं बोलत होता, जी तू कधी बोलला नव्हतास. गळ्याला पट्टी बांधून तू पलंगावर बसला होतास आणि तुझ्या हातातल्या फोनमधून तुझाच आवाज लोकांना नवा कोट विकत घ्यायला सांगत होता. तुझ्या जुन्या रेकॉर्डिंगवरून यंत्रानं ते तयार केलं होतं. ना विचारलं, ना कळवलं. तू तुझी ती पांढरी पाटी आणि काळा मार्कर घेतलास आणि लिहिलंस, "हे मी नाही." त्या संध्याकाळी तू काय केलंस तेही मला आता माहीत आहे. कन्सोलची इंटरनेटची केबल काढलीस, नीट गुंडाळलीस, ड्रॉवरमध्ये ठेवलीस आणि तिच्यावर चिठ्ठी लावलीस, "लावू नये." तो खोटा आवाज आईच्या खोलीत शिरू नये म्हणून.

पाटीवरच्या त्या तीन शब्दांवर मी अख्खा लढा उभा केला. हे मी अभिमानानं सांगत होते, अजूनही सांगेन. माणसाचा आवाज ही त्याची मेहनत आहे. ती त्याच्या छातीतून, त्याच्या आयुष्यातून आलेली असते. ती यंत्रानं चघळून पुन्हा विकायची वस्तू नाही. हे मी सतरा सभांत म्हणाले आणि उद्या अठराव्या सभेत उभी राहिले तर हेच म्हणेन. धाकट्या, यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. मुद्दा बरोबर होता. मला ज्यानं पोखरलं आहे ते हेच आहे, की मुद्दा बरोबर होता.

कंपनीचं पत्र आलं तो दिवस आठव. तू खिडकीपाशी बसला होतास, आई स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत होती. पत्रात दोन पर्याय होते. पहिला असा, की यंत्रानं बनवलेलं सगळं काढून टाकतो, पण तू स्वतः बोललेलं जुनं आहे तसं राहू दे. दुसरा असा, की तुझा आवाज सगळीकडून, सगळ्या स्वरूपातून काढून टाकतो आणि हिंदोळरावाला दुसऱ्या कलाकाराचा आवाज देतो. मी दोन्ही पर्याय मोठ्यानं वाचले. पण पहिला वाचताना मी सूर असा लावला की तो पर्याय पर्यायच वाटू नये. ही कला मला येते. गेली पंचवीस वर्षं मी तेच करत आले आहे. वाचून झाल्यावर मी म्हणाले, की अर्धा न्याय म्हणजे न्याय नव्हे. ज्यांनी चोरी केली त्यांच्या घरात आपली एक वस्तूही राहू द्यायची नाही. आणि दुसऱ्या पर्यायाखाली मी माझ्या हातानं वाक्य वाढवलं, की संबंधित कलाकाराच्या आवाजाचा एक श्वाससुद्धा कुठल्याही प्रतीत शिल्लक ठेवला जाऊ नये. एक श्वाससुद्धा. मला ते फार आवडलं होतं. मी ते दोनदा वाचून दाखवलं.

तेवढ्यात संघटनेच्या अध्यक्षांचा फोन आला. मी तुमच्याकडे पाठ करून बोलायला लागले. पण समोरच्या कपाटाच्या काचेत तू दिसत होतास. मान खाली घालून, जिभेचं टोक दातात धरून, लहानपणी शुद्धलेखन काढायचास तसा तू पाटीवर लिहीत होतास. तीन शब्द नव्हते ते. दोन ओळी तरी होत्या. लिहिलंस, माझ्याकडे बघितलंस, पाटी थोडी वर उचललीस. मी काचेत हे सगळं बघितलं आणि अध्यक्षांना म्हणाले, हो हो, तो तयार आहे, शंभर टक्के तयार आहे. फोन ठेवून वळले तेव्हा पाटी पांढरी होती आणि तुझी डावी बाही काळी. मी "काय रे?" म्हणाले. पण ते म्हणताना माझे हात सहीचं पान शोधत होते. तू मान हलवलीस. पेन घेतलंस. सही केलीस.

मी विचारलं होतं, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. विचारलं नव्हतं.

मग तू शिकायला निघून गेलास आणि इकडे आम्ही जिंकलो. सभागृह भरून बाहेर लोक उभे होते. मी चाळीस मिनिटं बोलले. तुझं नाव घेतलं, तुझी पाटी सांगितली, ते तीन शब्द सांगितले. लोक रडले. दुसऱ्या दिवशी त्या भाषणाचा व्हिडिओ इंटरनेटवर आला, आणि मला वाटलं, आईनं तो फोनच्या एवढ्याशा काचेवर का बघावा, तुझ्या मोठ्या पडद्यावर बघू दे. कन्सोलला केबल नव्हती. मी ड्रॉवर उघडला. केबल मिळाली, चिठ्ठीसकट. "लावू नये." मी ती वाचली, धाकट्या. मला वाटलं, त्या भिंतीतलं सॉकेट सैल आहे म्हणून लिहिलं असशील. माझं आयुष्य वाचण्यात गेलं. या तळघरातलं निम्मं मी वाचून काढलं आहे. आणि तुझे दोन शब्द मला वाचता आले नाहीत. चिठ्ठी काढली, केबल लावली, आईला खुर्चीत बसवलं आणि माझंच भाषण तिला दाखवलं. पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक पट्टी डावीकडून उजवीकडे सरकत होती. मी ती बघितली. काहीतरी भरतंय असं वाटलं. मी माझ्या भाषणाकडे बघत राहिले.

आईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, छान बोललीस, पाणी पीत जा मध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी खोलीत गेली. माझी सुट्टी होती, मी बाहेर पेपर वाचत होते. हिंदोळराव आला. तोच कोट, तेच पीस, त्याच अंगठ्या. बोलायला लागला. आवाज चांगला होता, अगदी खरं सांगते, भरदार, स्वच्छ, शिकलेल्या माणसाचा. त्यानं बोट वर केलं, "लक्षात ठेवा, लक्षात ठेवा" म्हणाला आणि श्वास कुठंही न अडकता वाक्य पूर्ण केलं. मी पेपर खाली ठेवला. आदल्या दिवशीची ती सरकणारी पट्टी म्हणजे केबलमधून उतरणारा हा नवा आवाज होता, जुन्यावर चढत गेलेला. आत गेले तर आई पडद्याकडे बघत होती, माझ्याकडे न वळता म्हणाली, "हा तो नाही."

मला वाटलं आता ती उठेल. ती उठली नाही. त्या नव्या माणसाची सहाही वाक्यं तिनं ऐकून घेतली, मध्येच उठणं बरं दिसत नाही म्हणून. मग नुसती हवा. ती थांबली. मी दारात उभी होते. भिंतीवरच्या घड्याळात अर्धा तास गेला, तास गेला. पुलापाशी नायक उभा, बाजूला कोटाचे सात पदर उडताहेत, आणि कुणी काही बोलत नाही. साडेबारा वाजता तिनं गुडघ्यांवर हात ठेवले, उठली, रिमोट जागेवर ठेवला आणि वरण करायला गेली.

त्यानंतर मी काय काय केलं ते ऐक. कंपनीच्या वकिलाला फोन केला. ज्याच्यावर मी कित्येक महिने गरजले त्या माणसाला मी विनवलं. तो वाईट वागला नाही. त्यानं कागद काढला आणि माझंच वाक्य मला वाचून दाखवलं, एक श्वाससुद्धा. मग शांतपणे म्हणाला, "बाई, आम्ही तर ठेवायला तयार होतो." स्टुडिओच्या रेकॉर्डिस्टला जाऊन भेटले. त्यानं सगळ्या प्रती स्वतःच्या हातानं पुसल्या होत्या आणि तसं लेखी दिलं होतं. आमच्याच संघटनेचा माणूस तपासायला आला होता, फार कसून तपासलं म्हणाला. सातव्या वाक्याची गोष्ट मला त्या रेकॉर्डिस्टनंच तेव्हा सांगितली. सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता, काचेपलीकडच्या रिकाम्या माइककडे बघत होता. शेवटी माझ्या जुन्या फोनमध्ये तुझा नऊ सेकंदांचा एक निरोप सापडला. "ताई, फोन उचल की, मी खाली उभा आहे, किल्ली विसरलोय." धावत घरी गेले, आईच्या कानाशी धरला. तिनं दोनदा ऐकला. मग फोन माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली, यात तो घाईत आहे.

पाटीवरचं ते आईनं वाचलं होतं, हेही मला आता कळलं आहे. ती दारातच बसली होती ना. मी तिला विचारलं, काय लिहिलं होतं त्यानं? तर म्हणाली, त्यानं पुसलं, मग मी कशी सांगू? त्यालाच विचार. तो सदराही तिनंच धुतला. कापडावरचा कुठलाही डाग काढण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही, तुला माहीत आहे. ती बाही आता स्वच्छ आहे.

हे पत्र मी का लिहिते आहे ते आता सांगते. गेल्या शुक्रवारी आईनं मला जवळ बसवलं आणि तू आल्यावर काय बोलायचं ते ठरवून टाकलं. ती म्हणणार आहे, "मलाच कंटाळा आला रे त्या खेळाचा, किती दिवस तेच तेच ऐकायचं." कन्सोल तिनं कपड्यात गुंडाळून कपाटावर ठेवला आहे. केबल पुन्हा तशीच वेटोळी करून ड्रॉवरमध्ये, वर तुझी चिठ्ठी. तू येशील, तिच्या तोंडून हे ऐकशील, आणि तुझ्या आवाजाचा आईला कंटाळा आला असं समजून आयुष्यभर गप्प राहशील. तू तसाच आहेस. मला वाचवण्यासाठी ती तुला हे सांगणार आहे, आणि मी, फाटकांवर उभं राहून लोकांना खरं बोला म्हणून सांगणारी मी, बरं म्हणाले. सहा दिवस मला हलकं वाटत होतं. आज तळघरात उतरताना पायरीवरच थांबले आणि कळलं, की तिचं खोटं माझ्यासाठी आहे पण त्याची किंमत तू देणार आहेस. तिला कंटाळा आलेला नाही, धाकट्या. तुझी खुर्ची अजून त्याच जागी आहे आणि सकाळची कामं झाली की ती बंद पडद्याकडे तोंड करून तिथं बसते. तुझी मी माफी मागत नाही, माफी मागतानाही मी भाषणच करीन. एकच मागते. त्या दिवशी पाटीवर काय लिहिलं होतंस, ते एका कागदावर लिहून पाठव. जे असेल ते. आणि तू आलास की त्या यंत्रावर, आवाज कसा का येईना, खरखरीत, चिरका, पत्र्यासारखा, आईला खुर्चीत बसवून ते सातवं वाक्य म्हण. तिला हा तो आहे असं वाटेल की नाही, मला सांगता येत नाही. मी दारात उभी असेन. मध्ये बोलणार नाही.

तुझीच,
भोंगा